मोल सांगणारी साय

मयुरी फार बोलत नाही, एवढीच गोष्ट असती तर शालनआक्कानं देवापुढं नारळ फोडला असता. न बोलणारी सून नशिबानं मिळते, आणि घरातलं बोलायचं काम करायला आपण एकट्या पुरेशा आहोत, याबद्दल आक्काला कधी शंका नव्हती. तक्रार निराळी होती. ही बया नेमकं जिथं तोंड उघडायचं तिथंच मिटून घ्यायची.

त्या दुपारी मयुरी नदीकाठच्या नव्या टॉवरमधून परत आली, तेव्हा आक्का ओट्यापाशी वाटच बघत होती. त्या घरचा आज शेवटचा दिवस होता. सव्वा महिना मयुरीनं तिथल्या बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घातलं होतं, शेक दिला होता, धुरी दिली होती. आक्कानं तिच्या हातातली पिशवी घेतली आणि सरळ ओट्यावर उपडी केली. एक ब्लाउजपीस. पेढ्यांचा पुडा. कुठल्याशा कंपनीचं नाव छापलेली पाण्याची बाटली. आणि एक पाकीट. पाकीट आक्कानं उघडलं नाही. चिमटीत धरून चाचपलं आणि परत ठेवलं.

"ही बाटली कशाला?"

"त्यांच्याकडं जास्तीच्या होत्या."

"म्हणजे कचऱ्यात टाकायची ती तुझ्या पिशवीत टाकली. निघताना काय म्हणालीस त्यांना?"

"त्यांनी विचारलं, ताई काय द्यायचं. म्हटलं, द्या खुशीनं."

"आणि त्यांची खुशी ही एवढीशी! पोरगं झालंय का मांजर व्यालंय त्यांच्याकडं?"

मयुरी पेढ्यांचा पुडा उचलून फडताळात ठेवायला वळली. "तुम्हीच शिकवलं की आत्या. भाव तोंडानं काढायचा नाही म्हणून."

"शिकवलं. पण तेवढंच शिकवलं होतं का?"

खरं म्हणजे तेवढंच शिकवता येण्यासारखं होतं. लेकराच्या अंगाला हात लावायचा भाव बोलू नये, बोलला तर लेकराला बाधतो, ही चाल आक्काला तिच्या सासूकडून आलेली. पण भाव न बोलता भाव कसा वसूल करायचा, ही आक्काची स्वतःची विद्या होती. शेवटच्या दिवशी ती त्या घराच्या भर बैठकीत मांडी घालून बसायची. चहा मागायची. चहा निवेपर्यंत सांगायची, की अमक्या वकिलांनी नातवाच्या वेळी कसं काठापदराचं लुगडं नेसवलं, नको नको म्हणत होते मी. आणि तमक्या घरानं काय हातावर टेकवलं, तेही सांगायची, नाव घेऊन. कप खाली ठेवायच्या आत घरची म्हातारी कपाट उघडायला उठलेली असायची. ही बाई उद्या दुसऱ्या दारात चहा पिणार आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता टॉवर आले. समोरच्या दारात कोण राहतं हे त्या लोकांना माहीत नसतं. दूध आपोआप चालणारी चाकांची पेटी आणून देते, भाजी दुसरी पेटी. तिथं कुणाची कंजुषी कुणाला जाऊन सांगायची? आणि सांगितली तरी ऐकणार कोण?

"आत्या," मयुरी पाठमोरीच म्हणाली, "एक तारखेपासून मी शेडवर जाते. भाजीच्या पॅकिंगला बायका घेतायत. पगार ठरलेला आहे. मागावा लागत नाही."

आक्काला लेक नव्हती. एक मुलगा, तो पुण्याला ट्रकच्या चार्जिंग डेपोत, महिन्याकाठी येणारा. ही पोरगी शेडवर गेली की या घरातला हात संपला. जाऊ नकोस म्हणावं, तर ओट्यावर ती बाटली उभी होती.

*

दोन दिवसांनी डॉक्टर ऊर्मिलाबाईंचा फोन आला. बसस्टँडमागं त्यांचं बाळांचं हॉस्पिटल होतं. त्या स्वतः जन्मल्या तेव्हा आक्कानंच त्यांना न्हाऊ घातलं होतं, त्यामुळं कऱ्हाडात बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणत आणि आक्का एकटी ऊर्मिला म्हणे.

"आक्का, तुमच्या हाताचं मोल सांगणारं यंत्र आलंय आमच्याकडं. सूनबाईंना घेऊन या."

"माझ्या हाताचं मोल सांगायला यंत्र कशाला? मी जिती आहे की अजून," असं म्हणून आक्कानं फोन ठेवला आणि ठेवणीतलं पातळ काढलं.

'मोल' हे नाव तोवर बऱ्याच जणांच्या कानावर आलं होतं. नोकरी न करता सुटं काम करणारी माणसं राज्यात आता नोकरदारांपेक्षा जास्त झाली होती. कुणी घरबसल्या भाषांतर करतं, कुणी लग्नाचा स्वयंपाक, कुणी शिकवण्या, कुणी घरांचे नकाशे. आणि त्या सगळ्यांची रड एकच: काम झालं की काय मागावं कळत नाही. जास्त मागितलं तर माणूस जातो, कमी मागितलं तर आपण. त्यावर काही मंडळींनी सहकारी संस्था काढली आणि यंत्र बसवलं. यंत्र काम करणाऱ्याचा घाम मोजत नसे, वेळही मोजत नसे. ज्याच्यासाठी काम झालं त्याच्यात काय फरक पडला, तो मोजायचं. शिकवणीआधी पोराच्या डोक्यात काय होतं, नंतर काय राहिलं. त्या फरकाची किंमत. ज्याला काही येत नाही त्या पोराची शिकवणी महाग आणि हुशाराची स्वस्त, हे ऐकून लोक हसले होते. पण भांडणं मिटली, म्हणून यंत्र पसरत गेलं.

"त्यात दोनच वाटा आहेत," ऊर्मिलाबाईंनी दोघींना समोर बसवून सांगितलं. "यंत्र सांगेल ते मोल दोघांनी मानायचं. नाहीतर काम करणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं भाव सांगायचा. पण मग तो कायमचा. गरीब, श्रीमंत, आजारी, धडधाकट, सगळ्यांना एकच. आणि तो नावासकट सगळ्या गावाला दिसतो."

"मग सांगतं का कुणी?"

"फारसं नाही. घाबरतात."

आक्कानं सुनेकडं एक नजर टाकली. त्या नजरेत बरंच काही होतं.

बाईंनी एका तबकातून काहीतरी उचललं. दुधावरची साय चमच्यानं अलगद उचलावी तसं ते हवेत लोंबलं. पांढरट, पातळ, आरपार दिसणारं. आक्कानं त्याचं नाव तिथल्या तिथं 'साय' ठेवलं आणि पुढं हॉस्पिटलात सगळे तेच म्हणू लागले.

"कातडीत दोन जातीच्या तारा असतात, आक्का," बाई म्हणाल्या. "एक घाईची जात. चटका बसला, काटा टोचला, की क्षणात मेंदूला निरोप. दुसरी जात फार बारीक, संथ. तिचा निरोप पोचायला वेळ लागतो, आणि त्यात कुठं लागलं, किती लागलं असलं काही नसतं. कुणीतरी जवळ आहे, एवढंच असतं. तळहाताची ऊब मिळाली आणि हात एका ठरावीक सावकाशीनं फिरला, तरच या तारा जाग्या होतात. भराभर फिरवला तर झोपलेल्या, फार रेंगाळला तरी झोपलेल्या. कुठल्याही आईच्या कुशीत मूल द्या, न शिकवता तिचा हात त्याच चालीनं फिरतो."

"मग यात तुझ्या यंत्रानं काय दिवे लावले?"

"तेच दाखवते. आजवर या तारांचं बोलणं ऐकायला सुई टोचावी लागायची. ही साय नुसती अंगाला लागली की ऐकते."

एक गुबगुबीत बाळ आणलं गेलं. त्याची आई कौतुकानं बाजूला उभी राहिली. आक्का पाटावर बसली, नेहमीसारखे दोन्ही पाय समोर पसरले. नडग्यांवर साय अंथरली आणि तिच्यावर बाळ पालथं निजवलं. साय ऐकेल ते दाखवणारी समोरची भिंत काळी झाली. आक्कानं तेलाचा हात पाठीवर ठेवला आणि मानेपासून खाली ओढला.

भिंतीवर उजेड आला.

पिवळसर, मऊ उजेड. तिच्या तळव्याखाली उमटला आणि हातामागून निघाला, पण हाताच्या वेगानं नाही. सावकाश, आपल्या चालीनं, वाऱ्याची झुळूक ज्वारीच्या रानातून जाताना कणसं एकामागून एक वाकत जावीत तसा. आक्कानं हात उचलला. उजेड तिथंच होता.

"मी हात काढला की गं."

"बाळाला अजून तसं वाटत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "त्याच्या लेखी तुम्ही अजून आहात तिथं."

आक्का भिंतीकडं बघत राहिली. जन्मभर तिनं लेकरांना तेल लावलं होतं. ती रडायची थांबत, झोपत, बाळसं धरत, आणि तिला वाटे, तेलाचा गुण, जोराचा गुण. आत हे चाललेलं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या हाताखालून गेलेली अर्धी माणसं या गावात फिरत होती. कुणी दुकानात बसलं होतं, कुणी भांडत होतं, ही ऊर्मिला तर समोर उभी होती. त्या प्रत्येकाच्या पाठीवरून कधीतरी असा उजेड चालत गेला होता. आणि तो लावणारीनं तो बघितलाच नव्हता.

तिला आपल्याच हाताची भीती वाटली. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर वाटते तसली.

मग भिंतीनं मोल सांगितलं. ते चहा-नाश्त्याच्या खर्चाएवढं होतं.

"काय?" आक्काची भीती तिथंच उतरली. "एवढंच?"

"बाळ धडधाकट आहे, आक्का. दूध आहे, आई आहे. तुमच्या हातानं भर पडली ती थोडीच. यंत्र भर मोजतं."

"म्हणजे भरल्या घागरीत पाणी ओतलं म्हणून पाणी स्वस्त?"

"तसंच काहीसं," बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "रिकामी घागर आत आहे. त्यासाठीच बोलावलंय तुम्हाला."

*

सलीम तांबोळीचं पंक्चरचं दुकान स्टँडच्या कोपऱ्यावर होतं. गाड्यांच्या टायरांत आता हवा भरावी लागत नसे, त्यामुळं दुकान म्हणजे एक शटर, एक हवेची मशीन आणि आशा. त्याच्या बायकोला, आस्माला, दिवस भरायच्या फार आधी मुलगी झाली होती. काचेच्या पेटीत बरेच दिवस काढून पोर बाहेर आली होती, पण मधेच श्वास घ्यायचं विसरायची. दूध ओढायची नाही. औषधं होती, नळ्या होत्या, सगळं करून झालं होतं.

"हिच्या त्या संथ तारा जाग्याच झालेल्या नाहीत," ऊर्मिलाबाई म्हणाल्या. "कुणी जवळ आहे, हा निरोपच हिला मिळालेला नाही. कशासाठी श्वास घ्यायचा, असं चाललंय तिचं. आस्माचा हात फिरवून बघितला. ती बिचारी इतकी घाबरलीय की हात थरथरतो."

"आण इकडं," आक्का म्हणाली.

नडग्यांवर पोर ठेवली तेव्हा वजन जाणवलंच नाही, रुमाल ठेवल्यासारखं. आक्कानं आपला हात जमेल तेवढा हलका केला आणि पाठीवरून फिरवला. भिंतीवर घाईच्या तारांच्या पांढऱ्या, वेड्यावाकड्या रेघा कडाडल्या. पोरीचं अंग निळसर पडलं, कुठंतरी घंटी वाजली, आणि ऊर्मिलाबाईंनी आक्काच्या मनगटावर हात ठेवला.

"आक्का, थांबा."

आक्काला कामात थांबा म्हणणारं माणूस अजून जन्मायचं होतं, असं तिलाच वाटत आलं होतं. ती थांबली. पोरीला नर्सनं उचललं, श्वास परत आला.

"मयुरीला बघू दे," बाई म्हणाल्या.

"तिच्या हातात जोर नाही," आक्का सवयीनं म्हणाली.

मयुरीनं हात धुतले. ते काखेत धरून ऊब येईपर्यंत उभी राहिली. मग पाटावर बसली, पोर नडग्यांवर घेतली, एक तळवा तिच्या पाठीवर ठेवला, आणि काहीच केलं नाही.

भिंत काळी. वेळ गेला. बाहेर कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं. आस्मा ओढणीचं टोक दातात धरून उभी होती.

"अगं, फिरव की हात," आक्का पुटपुटली.

मयुरीनं वर बघितलं नाही. बसून राहिली. कुणी दारात येऊन उभं राहावं, कडी न वाजवता, आतलं माणूस आपण होऊन उठेपर्यंत, तशी.

आणि भिंतीच्या पार खालच्या कोपऱ्यात एक ठिपका लागला.

एवढासाच. विझतोय की काय वाटावं असा. ऊर्मिलाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "हा मयुरीनं लावलेला नाही. हात हललाच नाही तिचा. पोरीनं लावलाय."

मयुरीचा तळवा बोटभर सरकला आणि थांबला. पुन्हा वाट. पुन्हा एक ठिपका. सरकला, थांबला. ती विचारत होती. पोरीनं हो म्हटल्याशिवाय पुढं जात नव्हती. डोंगरावर उभं राहून खाली बघावं आणि तिन्हीसांजेला वस्तीत एकेका घरात दिवा लागत जावा, तशी ती काळी भिंत हळूहळू वसत गेली. बाईंनी भिंतीवर आणखी दोन रेघा आणल्या. साय मयुरीच्या नडगीलाही लागलेली होती, त्यामुळं तिचाही श्वास दिसत होता: एक लांब, संथ लाट. खाली पोरीची रेघ, अडखळणारी, मधेच सपाट होणारी. बघता बघता खालच्या रेघेनं वरच्या लाटेचा हात धरला. मयुरीच्या एका श्वासात पोरीचे तीन, असा मेळ बसला, आणि सुटेना.

नर्स रडत होती. ऊर्मिलाबाई यंत्राकडं बघायचं विसरून पोरीकडं बघत होत्या.

आक्काला आपलं सगळं बोलणं आठवलं. घराघरांतून ही पोरगी तोंड मिटून उभी राहते, म्हणून आपण हिला काय काय बोललो. तेच तिचं न बोलणं इथं पाय पसरून बसलं होतं, आणि जगाकडं पाठ फिरवलेलं एक लेकरू त्याला उत्तर देत होतं. आक्काला सगळं येत होतं: ओढणं, चोळणं, उलटं धरणं, रडवून हसवणं. पण उत्तराची वाट बघणं तिला कधी सुचलं नव्हतं. तिच्याकडं तेवढी उसंत नव्हती आणि स्वभावही नव्हता.

घरी जाताना ती रिक्षात एक शब्द बोलली नाही. मयुरीनं दोनदा विचारलं, "आत्या, बरं नाही का वाटत?"

*

एक तारीख येऊन गेली. मयुरीनं शेडवाल्याकडून पुढच्या महिन्यापर्यंतची मुदत मागून घेतली आणि रोज सकाळी हॉस्पिटलात जात राहिली. पोरीनं दूध ओढायला सुरुवात केली. गालांवर गाल आले. एके दिवशी मयुरीनं हात लावायच्या आधीच, नुसतं पोरीला नडग्यांवर घेतल्यावर, भिंतीवर दिवे लागले. तेव्हा आक्कानं कुणाचं लक्ष नाही असं बघून भिंतीला हात जोडले.

पोरीला घरी न्यायच्या दिवशी सगळे त्याच खोलीत जमले. सलीम नवा शर्ट घालून आला होता. आस्मानं मयुरीसाठी स्वतः विणलेला रुमाल आणला होता. ऊर्मिलाबाईंनी यंत्राला मोल विचारलं. यंत्रानं एका शांत, स्वच्छ बाईच्या आवाजात ते सांगितलं.

सलीमनं दुकानाची जागा, मशीन आणि घरातलं किडूकमिडूक विकलं असतं तरी निम्म्यापर्यंत पोचला नसता.

"चुकलं असेल," आस्मा म्हणाली.

"मी पुन्हा तपासलं," ऊर्मिलाबाईंचा चेहरा उतरला होता. "चुकलेलं नाही. ही मुलगी आता पुरं आयुष्य जगेल. शाळेत जाईल, म्हातारी होईल. त्या सगळ्या वर्षांत मयुरीच्या हाताचा जेवढा वाटा आहे, तेवढं यंत्रानं सांगितलंय. खरं मोल आहे ते. सरकारी कर्ज मिळेल, सलीमभाई. लांबच्या हप्त्यांनी फिटेल."

आक्काच्या सासूला या कामाचे सुपातून दाणे मिळत, तेही पाखडून खाली राहिलेले. तिला स्वतःला चहाच्या कपाआडून लुगडी काढावी लागली. आणि आज भर खोलीत, कुणालाही न घाबरता, कुणाचीही भीड न ठेवता एक आवाज म्हणाला होता, की या हाताची किंमत एवढी आहे. घे, म्हणावंसं वाटलं तिला. आपल्या सगळ्यांच्या वाटचं घे. शेड बुडवून टाक नदीत.

मग तिनं बघितलं, आस्माचा हात कानातल्या फुलांकडं गेला होता.

आता काय ते बोलायला हवं होतं, आणि बोलणं हा आक्काचा प्रांत. चार वाक्यं जिभेवर येऊन उभी राहिली. पण इथं दुसऱ्यानं सांगितलेला भाव चालत नव्हता; जिचं काम तिचंच तोंड लागत होतं. आक्कानं आपले ओठ आतून दातांत धरले. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते.

मयुरी पोरीकडं बघत होती. नेहमीसारखी, वाट बघत. या वेळी मात्र समोरून उत्तर यायचं नव्हतं.

"हिचं जगणं हिचं आहे, मॅडम," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण होता. "ते ही जगणार. त्याचे पैसे मी कसे घेऊ? माझी फक्त सकाळ गेली. माझ्या सकाळचा भाव मी सांगते."

यंत्राचा आवाज म्हणाला, "सांगा."

"एका सकाळी माझ्या हातानं दोन बाळं नीट होतात. तिसऱ्याला नुसता हात फिरतो, मन पोचत नाही. म्हणून दोनच घेणार. आठवड्यातून एक दिवस हाताला सुट्टी. या दोन बाळांत माझं घर चाललं पाहिजे, तेल-पाणी सुटलं पाहिजे आणि म्हातारपणाला चार पैसे पडले पाहिजेत. शेडवर दिवसभर उभं राहून जे मिळतं, तेवढं एका बाळाचं एका सकाळचं. टॉवरमधल्या बाळाला तेवढंच. या पोरीला तेवढंच."

सलीमनं मनात हिशोब केला. यंत्राच्या आकड्यापुढं ते काहीच नव्हतं. त्याच्या खिशापुढं मात्र डोंगर होता. त्यानं हात जोडले. "ताई, उपकार झाले. पण त्यातून थोडं कमी..."

"नाही," मयुरी म्हणाली.

आक्कानं चमकून बघितलं. घरात ही पोरगी आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा कधी म्हणाली नव्हती.

"नाही, सलीमभाई. कमी केलं की मी उद्या शेडवर असेन. मग पुढं अशी दुसरी पोर आली, तिच्याजवळ कोण बसणार? हप्त्यानं द्या, सवडीनं द्या. पण एवढेच द्या."

सलीमनं मान हलवली. "पंक्चरला वीस मागितले की लोक दहा म्हणायचे. मी दहाला काढत गेलो. म्हणून दुसरं काही शिकायला हातात कधी उरलंच नाही." त्यानं डोळे पुसले आणि ताठ उभा राहिला. "देतो, ताई. पुरते देतो."

"हा तुमचा कायमचा भाव समजायचा का?" यंत्रानं विचारलं.

"हो."

ज्या भिंतीवर दिवे लागत होते, त्याच भिंतीवर तिचं नाव आलं, गावाचं नाव आलं, आणि खाली भाव. एकदम साधी अक्षरं. आक्काला ती सावकाश लावत लावत वाचावी लागली. लेकराचा भाव बोलला तर बाधतो, हे तिच्या हाडांत मुरलेलं. तिची नजर नकळत पोरीकडं गेली. पोर आस्माच्या खांद्यावर निवांत होती, ओठांवर दुधाचा बुडबुडा, डोळे टक्क उघडे.

ऊर्मिलाबाईंचा फोन दोनदा वाजला. त्यांनी बघितलं. "मयुरीसाठी नाव नोंदवलेलं टॉवरमधलं एक घर म्हणतंय, फारच महाग. नाव काढून घेतलं त्यांनी." मग पुढं वाचलं. "दुसरं विचारतंय, कधीपासून येणार."

"सोमवारपासून," मयुरी म्हणाली. तिनं स्वतःचा फोन काढला, शेडवाल्याला लावला, "मी येत नाही" एवढंच सांगून ठेवला. आणि मग एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं बळ संपल्यासारखी पाटावर बसली. सासूकडं बघत हळूच म्हणाली, "आत्या, चुकलं का काही?"

आक्कानं पदर खोचला. ऊर्मिलाबाई होत्या, नर्स होती, सलीम-आस्मा होते. दाराशी आणखी दोघी बाळंतिणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं ती बोलली.

"ऐक. तुझा हात माझ्यापेक्षा मोठा आहे. हे मी एकदाच बोलणार, परत विचारायचं नाही. जोर म्हणजे हात, असं मी जन्मभर समजत आले. तू वाट बघून दाखवलीस, आणि आज तोंडही उघडून दाखवलंस. आता सोमवारपासून तू नुसतं पाय पसरून बसायचंस. तेल मी कोमट करून देईन, पाणी मी काढीन, बाळंतिणीचा शेक मी बघीन. आणि माझा रोज किती, तो आत्ताच्या आत्ता ह्यांच्यासमोर ठरव. घरातली म्हणून फुकटात राबणारी बाई मी नव्हे!"